हायरूलचा हिशोब: 'झेल्डा' गेम्समध्ये रुपी कमावणं कुठे रंगतं, कुठे रटाळ होतं

अॅडव्हेंचर गेममध्ये पैसा आणि घासाघाशी, म्हणजे ज्याला खेळणारे ग्राइंडिंग म्हणतात, असावं की नसावं यावर वाद घालायचा तर निन्टेंडोची 'द लेजंड ऑफ झेल्डा' मालिका समोर ठेवावी. हायरूल नावाच्या एकाच जगात, एकाच चलनावर या मालिकेने इतके निरनिराळे प्रयोग केलेत की काय चालतं आणि काय फसतं, दोन्ही इथेच दिसतं. चलन रुपी. जुन्या भागांत गवत छाटलं, मडकं फोडलं की रुपी बाहेर पडायचे. १९९८च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये सगळ्यात मोठ्या पाकिटात ५०० मावायचे, आणि निम्मा गेम झाला की त्यांचं करायचं काय हेच कळेनासं व्हायचं.

मार्च २०१७मध्ये निन्टेंडोच्या वी यू आणि स्विच या यंत्रांवर आलेल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने ही घडी मुळापासून बदलली. इथे परीक्षण आहे ते त्याच्या अर्थकारणाचं. ग्राफिक्स, संगीत, कथा यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. आमचं मत आधीच सांगतो: मालिकेतली ही सर्वांत विचारपूर्वक बांधलेली व्यवस्था आहे. तिच्यात त्रुटी आहेत, पण पैसा आणि भटकंती एकमेकांच्या हातात हात घालून चालतात ती इथेच.

त्याचं मुख्य कारण एका साध्या निर्णयात आहे. शत्रू मारला की रुपी पडत नाहीत. गवतातूनही नेहमीसारखे निघत नाहीत. पेट्यांमधून आणि छोट्या कामांच्या बक्षिसातून थोडे मिळतात, बाकी सगळी कमाई माल विकून. त्यामुळे एकाच जागी उभं राहून तेच ते दहा राक्षस मारत बसण्यात काही हशील नाही. पैसा हवा तर डोंगर चढायचा, गुहेत शिरायचं, खडक फोडायचा. म्हणजे जे करायला हा गेम घेतला तेच करायचं.

खड्यांचे दुकानातले भाव ठरलेले आहेत: अंबर ३०, ओपल ६०, ल्युमिनस स्टोन ७०, टोपाझ १८०, माणिक २१०, नीलम २६०, हिरा ५००. काळ्या खडकांतून बहुतेक वेळा अंबर, ओपल आणि ५ रुपींची गारगोटी निघते. सोनेरी रेषा असलेल्या खडकांत मोठे खडे मिळतात. फोडायला लोखंडी घण वापरावा. तलवारीने फोडलं तर तलवार झिजते, आणि या गेममध्ये जवळपास प्रत्येक हत्यार शेवटी तुटतंच. रिमोट बॉम्ब फुकट आहे, पण उतारावर तो लावला की खडे उडून दरीत घरंगळतात आणि मग ते शोधत खाली उतरावं लागतं. सपाटीवर बॉम्ब, उतारावर घण.

विकण्याच्या बाबतीत दोन जागा माहीत असाव्यात. गोरॉन सिटीत रमेला नावाची गेरुडो जमातीची बाई भेटते. ती ठरावीक खडे दहा-दहाच्या लॉटमध्ये दुकानापेक्षा चढ्या भावाने घेते. तिची मागणी बदलत राहते, म्हणून अंबर-ओपल एकेक करून फुंकण्याऐवजी दहाचा लॉट जमू द्यावा. दुसरी जागा झोरा या पाण्यात राहणाऱ्या जमातीच्या वस्तीतल्या लेडोची. त्याला १० ल्युमिनस स्टोन दिले की पहिल्या वेळी २ हिरे मिळतात, म्हणजे ७०० रुपींच्या मालाचे १००० होतात. त्यानंतर तो त्याच १० दगडांना एकच हिरा देतो. तेव्हा सौदा तोट्याचा होतो. पहिली खेप झाली की दगड थेट विकावेत किंवा पोशाखांसाठी ठेवावेत.

खरी कमाई मात्र स्वयंपाकात आहे, आणि अर्थकारणाचा सगळ्यात सुंदर भागही तोच. शिजवलेल्या पदार्थाचा भाव म्हणजे आतल्या जिनसांच्या विक्रीभावाची बेरीज गुणिले एक गुणक. एकच जिन्नस टाकला तर दीडपट, पाच टाकले तर २.८ पट. रॉ गॉर्मे मीट, म्हणजे उंची मांस, कच्चं विकलं तर ३५ रुपी. पाच तुकडे एकत्र भाजून एक सळई केली तर १७५चे ४९०. साधं प्राइम मीट १५चं, पाचांचे २१०. चारच तुकडे हाताशी असतील तर पाचव्या जागी सफरचंद टाकावं. सफरचंदाची किंमत नगण्य, पण गुणक २.४वरून २.८वर चढतो आणि ३३६च्या आसपास असलेला भाव ४००वर जातो. कच्चा माल विकू नये, पक्का माल विकावा, हे गेम एका शब्दाने न सांगता शिकवतो.

उंची मांसासाठी उत्तर-पश्चिमेकडचा ताबांथा आणि हेब्राचा बर्फाळ प्रदेश. तिथे मूस आणि मोठ्या शिंगांचे गेंडे फिरतात. रिटो गावातला उबदार पोशाख किंवा मिरचीचे पदार्थ सोबत हवेत. इथे एक चूक बहुतेकांची होते: कडाक्याच्या थंडीत जमिनीवर पडलेलं मांस थोड्या वेळात गोठतं. गोठलेलं मांस तयार अन्नाच्या कप्प्यात जातं आणि मग ते शिजवता येत नाही. शिकार पडली की लगेच उचलावं. अग्निबाणानेही हेच होतं, फक्त उलट दिशेने. मांस जागेवरच भाजलं जातं आणि पाचाच्या सळईचा भाव हातचा जातो. साधे बाण वापरावेत, डोक्यात नेम धरावा. तयार पदार्थांना ६० जागा आहेत, त्यामुळे एका फेरीत किती न्यायचं याला आपोआप मर्यादा येते.

आता खर्चाकडे. काकारिको गावातला स्टेल्थ पोशाख तीन भाग मिळून १८०० रुपींचा: मुखवटा ५००, अंगरखा ७००, विजार ६००. सुरुवातीला हा आकडा डोंगराएवढा वाटतो. पण हा पोशाख घातला की पावलांचा आवाज दबतो आणि किडे, बेडूक, सरडे हाती लागतात, जे पुढे पोशाख मजबूत करायला लागतात. खर्च केलेल्या पैशातून जगाशी वागण्याची नवी रीत मिळते. हतेनो गावातलं घर बांधकामवाला बोल्सन आधी ५०,००० सांगतो आणि मग ३००० रुपी व लाकडाच्या ३० मोळ्यांवर येतो. त्यानंतर टॅरी टाउन हे नवं गाव उभं करताना १०, २०, ३० आणि ५० अशा आणखी ११० मोळ्या लागतात. झाडं कुऱ्हाडीने पाडू नयेत; रिमोट बॉम्ब पुन्हा पुन्हा मिळतो, एका स्फोटात दोन-तीन झाडं आडवी होतात आणि पडलेल्या ओंडक्याला दुसरा बॉम्ब लावला की मोळ्या तयार. वाळवंटातून नाहीतर बर्फातून जाता जाता वेगळ्या मोळ्या गोळा करायची गरज नाही, कुठल्याही दाट रानात हे काम उरकतं. शिवाय टॅरी टाउनसाठी वेगवेगळ्या जमातींची माणसं शोधायला हायरूलभर जावं लागतं, म्हणून मोळ्यांचं काम कंटाळवाणं असलं तरी गावाची गोष्ट ते सावरून नेते.

ग्रेट फेअरींची दक्षिणा मात्र तपासून पाहायला हवी. चार पऱ्या आहेत आणि त्यांना जागं करायला अनुक्रमे १००, ५००, १००० आणि १०,००० रुपी लागतात, एकूण ११,६००. तुम्ही कुठल्या परीकडे आधी गेलात याला महत्त्व नाही, कितवी हे महत्त्वाचं. जितक्या पऱ्या जाग्या, तितक्या पायऱ्यांपर्यंत पोशाख मजबूत होतो. पहिल्या तीन रकमा खेळता खेळता जमतात. चौथी रक्कम मात्र आधीच्या तिघींच्या बेरजेच्या सहापटीहून जास्त आहे आणि ती गोळा करायला बहुतेकांना वाट सोडून शिकारीलाच बसावं लागतं. ११,६०० म्हणजे उंची मांसाच्या २४ सळया, १२० तुकडे. साधं मांस असेल तर ५६ सळया. हे काम अवघड नाही, पण त्यात नवीन काही दिसत नाही, आणि आमचा आक्षेप नेमका तिथे आहे.

सुदैवाने या चौथ्या परीवाचून अडत नाही. पूर्ण पोशाखाचा खास गुण दुसऱ्या पायरीवर मिळतो, म्हणजे फक्त दोन पऱ्या आणि ६०० रुपी. उदाहरण गिर्यारोहणाच्या पोशाखाचं घ्या. तिन्ही भागांची पहिली पायरी चढवायला कीझ वटवाघळांचे ९ पंख आणि ९ रशरूम अळंब्या. दुसरीला विजेच्या कीझचे १५ पंख आणि १५ हायटेल सरडे. एवढ्यावर चढताना घेतलेल्या उडीला कमी दम लागू लागतो. तिसरीला बर्फाच्या कीझचे ३० पंख आणि ३० हॉट-फुटेड बेडूक, चौथीला आगीच्या कीझचे ४५ पंख आणि ४५ स्विफ्ट व्हायोलेट फुलं; आणि या दोन पायऱ्यांतून मिळतं ते फक्त जास्तीचं संरक्षण, तेही चढाईच्या कपड्यांना. म्हणून सांगतो, गिर्यारोहण दुसऱ्या पायरीवर सोडून द्यावं. वरच्या पायऱ्या चढवायच्या असतील तर लढाईत रोज वापरता त्या एका संचाच्या चढवाव्यात. व्हायोलेट कड्याकपारीत उगवतात, त्यामुळे चढाई करताना दिसेल ते फूल खुडत राहिलं तर वेगळी मोहीम लागत नाही.

विकायला घाई केली की फसगत होते ती याच वळणावर. स्टार फ्रॅगमेंट दुकानात ३०० रुपींना जातो आणि सुरुवातीच्या दिवसांत तो मोह होतो. विकू नये. अनेक पोशाखांच्या वरच्या पायऱ्यांना तो लागतो आणि तो मिळवायला रात्री उंचावर उभं राहून तारा पडण्याची वाट पाहावी लागते. यंत्रांचे प्राचीन कोअर आणि शाफ्टही राखून ठेवावेत. अक्काला प्रयोगशाळेतल्या चिलखतासाठी ६००० रुपींसोबत तेच मागितले जातात. निदान एखादा हिरा शिल्लक असावा. झोरांचा लाइटस्केल ट्रायडंट तुटला तर पुन्हा घडवायला झोरा भाला, ५ गारगोट्या आणि १ हिरा लागतो. अंबर, ओपल बिनधास्त विकावेत.

या रचनेतली एक गोष्ट पडद्यावर कुठेच लिहिलेली नाही, पण ती सगळा तोल सांभाळते. तुम्ही जितके राक्षस मारता तितके छुपे गुण वाढतात, आणि ते वाढले की निळ्या राक्षसांच्या जागी काळे, काळ्यांच्या जागी रुपेरी उभे राहतात. मारलेले राक्षस ब्लड मूनच्या, म्हणजे लाल चंद्राच्या रात्री परत येतात. गेममधला दिवस २४ मिनिटांचा, आणि हे चक्र सात दिवसांचं, म्हणजे खेळाचे साधारण २ तास ४८ मिनिटं. एकाच छावणीवर सतत हल्ले केले तर जग तुमच्या बरोबरीने कठीण होतं. रुपेरी राक्षस मेल्यावर मौल्यवान खडे टाकतात हा त्याचा मोबदला. इथे घासाघाशीला किंमत आहे आणि परतावाही, आणि दोन्ही लढाईतूनच मोजले जातात. आपण ज्याला खेळवतो त्या नायकाला, लिंकला, स्वतःला अनुभवाचे गुण किंवा लेव्हल नाही. हृदयं आणि दम वाढतात ते मुख्यतः देवळांतल्या कोड्यांमधून: १२० देवळं, प्रत्येकी एक ऑर्ब, चार ऑर्बना एक वाढ. त्यामुळे कोडं सुटलं नाही म्हणून राक्षस मारून ताकद वाढवू, ही पळवाट इथे नाही. अॅडव्हेंचर गेमने हे कुंपण असंच घालायला हवं.

कमतरता दोन. भाजण्याची पद्धत संथ आहे: यादी उघडा, पाच वस्तू धरा, यादी बंद करा, भांड्यात टाका, चित्रफीत बटण दाबून पुढे ढकला, आणि हे प्रत्येक सळईला. कृती लक्षात ठेवण्याची सोय या भागात नाही. दुसरी कोरोक बियांची. नकाशाभर लपलेल्या कोरोक या छोट्या जीवांकडून मिळणाऱ्या या बिया देऊन सामान ठेवायच्या जागा वाढवता येतात. बिया ९०० आहेत. हत्यारं, धनुष्य आणि ढाली ठेवायच्या सगळ्या जागा ४४१मध्ये पुऱ्या होतात. वाटेत दिसेल तो दगड उचलून पाहणाऱ्याला दीडदोनशे सहज मिळतात आणि तेवढ्यात गेम आरामात पार पडतो. नकाशा उघडून एकेक ठिपका टिपायला लागलात की मात्र आनंद संपून हजेरी सुरू होते.

आता जिथे घासाघाशीने गेम खरोखर बिघडवला तो भाग. 'द विंड वेकर', गेमक्यूबवर, जपानमध्ये डिसेंबर २००२. शेवटच्या टप्प्यावर, कथा ऐन रंगात असताना, ट्रायफोर्स या पवित्र त्रिकोणाचे ८ तुकडे समुद्रतळातून काढायचे असतात. प्रत्येक तुकड्यासाठी आधी नकाशा शोधा, तो टिंगल नावाच्या नकाशे वाचणाऱ्या माणसाकडून उलगडून घ्या, मग जहाज हाकत त्या जागी जा, मग गळ टाका. टिंगल एका नकाशाचे ३९८ रुपी घेतो. आठांचे ३१८४. सुरुवातीच्या पाकिटात २०० मावतात, म्हणजे परीकडून मोठं पाकीट मिळवल्याशिवाय एका नकाशाचेही पैसे जवळ बाळगता येत नाहीत. भर म्हणून दिशा बदलली की दर वेळी वाऱ्याचं गाणं वाजवावं लागतं. समुद्रातून खजिने काढण्यात मजा आहे, यात शंका नाही. पण ती मजा सक्तीची करून कथेच्या दारात आडवी टाकली की तिचं ओझं होतं. निन्टेंडोने २०१३च्या वी यू आवृत्तीत हे स्वतःच दुरुस्त केलं. पाच तुकडे थेट मिळू लागले, टिंगलकडे फक्त तीन नकाशे न्यायचे, खर्च ११९४वर आला, पहिलं पाकीट ५००चं झालं, आणि लिलावात मिळणाऱ्या स्विफ्ट सेल या शिडामुळे वारा आपोआप पाठीशी राहू लागला. समुद्र तोच, बेटं तीच, पण शेवट धापा टाकत नाही. हा गेम खेळायचा तर हीच आवृत्ती शोधावी.

२००६च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'चा दोष उलटा: पैसा जास्त, पाकीट लहान. पाकीट भरलेलं असलं की पेटीतून निघालेले रुपी लिंक परत आत ठेवतो, आणि पेटी उघडल्याचा आनंद तिथेच मावळतो. ५९८ रुपींचं जादुई चिलखत हा त्यावरचा उपाय. ते घातलं की क्षणाक्षणाला रुपी झिजतात. कल्पना चांगली, पण ते हाती येतं फार उशिरा.

थ्रीडीएसवरच्या 'अ लिंक बिट्वीन वर्ल्ड्स'ने, २०१३मध्ये, पैशाला पहिल्यांदा कणा दिला. धनुष्य, हातोडा, बूमरँग, अग्निदंड सगळं रॅव्हिओच्या दुकानात भाड्याने मिळतं, साधारण ५० ते १०० रुपींत. मेलात की भाड्याची सगळी हत्यारं परत दुकानात. कायमची विकत घ्यायची तर बहुतेकांना ८०० किंवा जास्त. दोन गोष्टी एकदम साधतात: कुठल्या किल्ल्यात आधी शिरायचं हे तुम्ही ठरवता, आणि अंगावर भाड्याची पाच हत्यारं असताना अनोळखी दरवाजा उघडताना छाती धडधडते. विकत घेतलेली हत्यारंच पुढे सुधारता येतात. हरवलेली १०० मायमाय पिल्लं जमवायची, दर १० पिल्लांमागे एक हत्यार सुधारतं. आमचा सल्ला असा की पहिले रुपी धनुष्यासाठी आणि अग्निदंडासाठी ठेवावेत, बाकी भाड्यावर चालवावं. अर्ध्या गेमनंतर रुपी इतके साठतात की मरणाची भीती पातळ होते. भाडं थोडं चढतं ठेवलं असतं तर हा गेम निर्दोष झाला असता.

१२ मे २०२३ला आलेला 'टीअर्स ऑफ द किंगडम' इथे एक पाऊल मागे गेला असं आम्हाला वाटतं. कृतींची वही आली, त्यामुळे स्वयंपाक सोपा झाला. पण शिजवलेल्या मांसाचा भाव उतरवला. परीला एकदाच दक्षिणा द्यायची पद्धत गेली. आता प्रत्येक कपड्याच्या प्रत्येक पायरीला वेगळे पैसे: १०, ५०, २०० आणि ५००. एका कपड्याचे ७६०, तीन भागांच्या संचाचे २२८०, शिवाय लागणारा माल वेगळा. नवा पोशाख सापडला की आधी तो घालून पाहावासा वाटायचा. आता आधी खर्च मोजला जातो. गेम आल्यानंतर वस्तू दुप्पट करण्याच्या त्रुटी खेळाडूंनी झपाट्याने पसरवल्या आणि निन्टेंडोने १.१.२ अपडेटमध्ये त्या बंद केल्या. एवढ्या संख्येने लोक तिकडे वळतात तेव्हा भाव कुठेतरी चुकलेत असंच समजावं. खऱ्या पैशाने रुपी विकत मिळत नाहीत ही मोठी जमेची बाजू. मात्र अमीबो, म्हणजे निन्टेंडोच्या वेगळ्या विकत घ्यायच्या बाहुल्या, रोज एकदा यंत्राला टेकवून फुकट माल मिळतो, म्हणजे ज्याच्याकडे बाहुल्या जास्त त्याला सवलत जास्त.

सगळ्यात जड काम 'टीअर्स ऑफ द किंगडम'मधली यंत्रं चालवणाऱ्या बॅटरीचं. एका बॅटरीचे तीन कप्पे, एका कप्प्याला १०० क्रिस्टलाइज्ड चार्ज, आणि झोनाइट या खनिजाच्या ३ तुकड्यांना एक चार्ज. सरळ हिशोबाने एका बॅटरीला ९०० झोनाइट. हे साध्या झोनाइटने करत बसू नये. ३ मोठ्या झोनाइटना एक मोठा चार्ज मिळतो आणि तो २०च्या बरोबरीचा, म्हणजे बॅटरीला ४५ मोठे झोनाइट पुरतात. भट्टीवाल्या यंत्राकडचा साठा मर्यादित असतो आणि काही काळाने भरतो, म्हणून त्या बाजूने जाताना प्रत्येक वेळी थांबावं. भूगर्भातल्या यिगा या शत्रूटोळीच्या छावण्या आणि मोठे राक्षस आधी घ्यावेत, तिथे चार्ज थेट मिळतात. बॅटरी वाढवायला आकाशातल्या पहिल्या बेटावर परत जायची गरज नाही. बॅटरी वाढवणारं यंत्र लुकआउट लँडिंगमध्येही आहे.

झोनाइट खर्च होतो तो ऑटोबिल्डमध्येही, म्हणजे आधी जोडलेली रचना एका झटक्यात पुन्हा उभी करण्याच्या शक्तीत. हाताशी नसलेल्या प्रत्येक भागाला ३ झोनाइट, त्यामुळे दोन पंखे आणि एक सुकाणू जोडून केलेली उडती गाडी फक्त ९ झोनाइटमध्ये कुठेही उभी राहते. ती इतकी कमी ऊर्जा खाते की दोन-तीन बॅटऱ्यांवर लांबचा पल्ला सहज गाठता येतो आणि पुढच्या डझनभर बॅटऱ्यांची घासाघाशी बहुतेकांना लागतच नाही. पण त्याच गाडीने डोंगर, नदी, छावणी सगळं पायाखालून निघून जातं आणि 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये ज्या चढाईतून खडे, फुलं, सरडे मिळत होते ती चढाईच उरत नाही. म्हणून पहिल्या खेळात ही गाडी भूगर्भापुरती वापरावी आणि जमिनीवर पायी किंवा घोड्यावर हिंडावं. तिथे अजूनही वाटेवरचा माल हीच खरी कमाई आहे.